सही जुळत नाही

बँकेत चेक परत करताना त्याला एक छापील चिठ्ठी जोडावी लागते. परतीची कारणे तिच्यावर ओळीने दिलेली असतात. लागू असेल त्या कारणापुढे खूण करायची, की झाले. पुरेशी शिल्लक नाही, तारीख उलटून गेली आहे, अक्षरी आणि अंकी रकमेत तफावत आहे, आणि हमखास लागणारे एक कारण म्हणजे सही जुळत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत ही खूण मी किती वेळा केली असेल, याचा हिशेब नाही. त्यातली एक मात्र कायमची लक्षात राहिली. चेकवर सही करणारा माणूस समोर उभा होता, त्याला सारा महाराष्ट्र ओळखत होता, आणि तरीही सही जुळत नव्हती.

१९८६ सालची गोष्ट. मुंबईतल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत मी पासिंग ऑफिसर होतो. रंगभूमीवरच्या एका थोर विनोदी नटाचे खाते आमच्याकडे होते. त्यांना आपण नुसते 'नटवर्य' म्हणू. नाव मी सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून इथला तपशीलही जागोजागी बदलला आहे. तेव्हा वाचकांनी तर्क लढवत बसू नये, ही विनंती. ती अशासाठी की, असाच तर्क लढवण्याची संधी मी एकदा लोकांना दिली होती आणि या लेखाचा विषय तोच आहे.

नटवर्य शाखेत आले की कामकाज पाच-दहा मिनिटे थंडावत असे. शिपाई न सांगता चहा आणी. टायपिस्ट बाई मशीन सोडून उठत. टोकन घेऊन ताटकळलेले खातेदारही तक्रार विसरून हसू लागत. वास्तविक नटवर्यांनी अजून तोंडही उघडलेले नसे. त्या दिवशी कोणी मुलाची वही पुढे केली, कोणी पे-इन स्लिपची पाठ. पतंगाच्या शेपटीसारखी लांबलचक, झोकदार सही ते सगळ्यांना देत राहिले. त्याच भरात त्यांनी चेकवरही तीच सही केली आणि चेक माझ्या टेबलावर आला.

मी नमुना सहीचे कार्ड काढले. कार्डावरची सही अगदी वेगळी होती. चौथीतल्या मुलाने कित्ता गिरवावा तशी, लहान, गोल, नावातले एकेक अक्षर सुटे. मी चेक घेऊन बाहेर गेलो आणि भीतभीतच म्हणालो, "सही जुळत नाही."

त्यांनी चेककडे पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बरं झालं साहेब, पकडलंत. नाहीतर पैसे त्याला मिळाले असते आणि मी उपाशी!"

सगळी शाखा हसली. मीही हसलो. त्यांनी नवा चेक फाडला आणि मान खाली घालून ती लहान गोल सही केली. ती करताना ते हसत नव्हते, हे मला फार उशिरा आठवले.

चेक डिमांड ड्राफ्टसाठी होता. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नटवर्य एक ड्राफ्ट काढत. ड्राफ्ट ज्या संस्थेच्या नावाने निघे, ती मुंबईपासून बरीच दूर होती. तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद मुलांचे वसतिगृह'. अर्जाच्या कोपऱ्यात एक नाव लिहिलेले असे. त्या नावापुढे आडनाव नटवर्यांचेच होते. मी त्या शाखेत तीन वर्षे होतो, म्हणजे छत्तीस ड्राफ्ट. त्याच सुमारास एका दिवाळी अंकात 'नटवर्यांच्या घरी' असा सचित्र लेख आला होता. छायाचित्रात नटवर्य, त्यांच्या पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी होते. खाली 'हसरे चौकोनी कुटुंब' अशी ओळ होती. तो अंक आमच्या शाखेत हातोहात फिरला. माझ्या हातात आला तेव्हा मी ते कुटुंब मोजले आणि अंक शेजारच्या टेबलावर सरकवला.

बोललो मात्र कोणाशीच नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयता यांच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. ती औपचारिकता असते असे पुष्कळांना वाटते. मला वाटत नसे, आणि त्याला कारण होते टूर्निए नावाचा माणूस. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. त्याच्या इंग्लंडमधल्या खात्यावर नऊ पौंड आणि काही शिलिंग एवढा ओव्हरड्राफ्ट होता आणि हप्ते थकले होते. बँकेच्या मॅनेजरने तो जिथे नोकरी करत होता तिथे फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकले की, याचे पैसे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्यांकडे जातात असे दिसते. टूर्निएची नोकरी गेली. १९२४ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कर्तव्य आहे, आणि त्याला अपवाद चारच. कायद्याची सक्ती, जनतेप्रती असलेले कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती. हे चार अपवाद मी पाठ केले होते. घरी बायको विचारी, "आज कोण आलं होतं?" मी नटवर्य आल्याचे सांगत असे. कशासाठी आले होते, ते सांगत नसे.

२००१ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नटवर्य त्याआधीच गेले होते. माझ्या हाताशी वेळ होता, दोन कादंबऱ्या झाल्या होत्या, तिसरीला विषय हवा होता. २००४ साली ती तिसरी कादंबरी आली. तिचा नायक एक विनोदी नट. लोकांना हसवणारा, सभासमारंभांत कुटुंबवत्सल म्हणून मिरवणारा, आणि एका अपंग मुलाला दूर गावी टाकून दरमहा पैसे पाठवून मोकळा होणारा. मुलाला भेटायला तो आयुष्यात एकदाही जात नाही. कादंबरीची बरी चर्चा झाली. एका परीक्षणात 'मुखवट्यामागचा माणूस निर्भयपणे दाखवणारी' असे शब्द होते. नाटकवाल्यांच्या गप्पांत नायक कोण याचा तर्क सुरू झाला. तो खरा निघाल्याचे माझ्या कानावर आले आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

*

मुखवट्यामागचा माणूस, हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सैल वापरला जातो. त्यात असे गृहीत असते की पुढचा मुखवटा खोटा आणि मागचा चेहरा खरा. शिवाय असेही गृहीत असते की मुखवटा त्या माणसाने स्वतः चढवलेला आहे. पुष्कळदा तो आपणच चढवलेला असतो.

विष्णुपंत पागनीसांचे उदाहरण पाहावे. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याआधी पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. या चित्रपटानंतर लोकांना त्यांच्यात तुकारामांखेरीज कोणी दिसेना. माणसे त्यांच्या पाया पडू लागली. तुकारामांच्या वेशातले त्यांचे छायाचित्रच तुकारामांची तसबीर म्हणून घरोघर पोचले. माणूस भाविक होता, भजन मनापासून म्हणणारा होता. पण समजा एखाद्या सकाळी त्यांना घरात कोणावर डाफरावेसे वाटले असते, तर? संताला ती सवलत नसते. पाया पडणाऱ्यांपैकी कोणी त्यांना विचारले नव्हते की, तुम्हाला संत व्हायचे आहे का?

निळू फुल्यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. 'एक गाव बारा भानगडी'पासून त्यांनी बेरकी सरपंच, पाटील आणि साखरसम्राट असे काही उभे केले की, गावाकडच्या बाया त्यांना पाहून बोटे मोडत. ते स्वतःच हे हसत हसत सांगत. हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला आणि त्या पगारातून सेवा दलाला मदत करणारा. नाव झाल्यावर सामाजिक कृतज्ञता निधीसारख्या कामांसाठी आणि अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारा. २००९ साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी हे सारे ठळकपणे छापले. 'पडद्यावरचा खलनायक, प्रत्यक्षात सज्जन', असा सूर होता. त्या सुरातही आश्चर्य होते. ते का असावे? सुताराने खाट केली म्हणून तो दिवसभर झोपतो असे आपण म्हणत नाही.

ललिता पवारांचा बारीक झालेला डावा डोळा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. कजाग सासू म्हटले की तोच डोळा आठवतो. दूरदर्शनवर १९८७ साली 'रामायण' सुरू झाले आणि मंथरेच्या रूपाने तो पुढच्या पिढीलाही माहीत झाला. तो डोळा हे एका अपघाताचे फळ होते. १९४२ च्या सुमारास एका चित्रणात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा आला, काही वर्षे उपचारांत गेली, नायिकेच्या भूमिका संपल्या. एका तरुण बाईची वेदना आपण चाळीस-पन्नास वर्षे दुष्टपणाची खूण म्हणून पाहिली आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून घरी गेलो.

आणि ते भगवानदादा! १९५१ च्या 'अलबेला'ने त्यांना जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला दिला, दारात सात मोटारी उभ्या केल्या. पुढचे चित्रपट पडले. बंगला गेला, मोटारी गेल्या. ते दादरच्या चाळीत राहायला आले आणि २००२ साली तिथेच वारले. अखेरच्या काळात मिळतील त्या लहानसहान भूमिका ते करत, आणि त्यांतही लोकांना हवा असे तो त्यांचा जुना नाच. बँकेतल्या माणसाला अशा गोष्टीतली मोटारींची संख्या चटकन दिसते. कर्ज मागायला आलेल्या बड्या माणसाची मोटार पाहायची नाही, त्याचा पासबुकाचा उतारा पाहायचा, असे आम्हाला जुने मॅनेजर शिकवत. सल्ला शहाणपणाचा होता. पण त्यातून मी एक चुकीचा धडा घेतला. माणसाचे खरे रूप पासबुकात असते, असे मला वाटू लागले.

*

कादंबरीनंतर ठिकठिकाणी व्याख्यानांना जाणे होई. श्रोत्यांतून कोणीतरी विचारी, "थोर माणसांचं खाजगी आयुष्य असं उघडं करावं का?" माझे उत्तर ठरलेले होते. मी दोन पुस्तकांचा दाखला देत असे.

पहिले, हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका'. 'संत सखू' ही त्यांची भूमिका, 'रामजोशी' त्यांचा, 'सांगत्ये ऐका' हा अनंत माने यांचा १९५९ सालचा तमाशापट त्यांचा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो दोन वर्षांहून अधिक चालला. त्याच नावाने त्यांनी आपली कहाणी सांगितली. अरुण साधूंनी ती शब्दबद्ध केली, 'माणूस'मधून ती प्रसिद्ध झाली आणि १९७० साली पुस्तक आले. घरच्या गरिबीमुळे कोवळ्या वयात सिनेमात ढकलली गेलेली मुलगी, संशयी नवरा, दारू, घर सोडून जाणे, तिथून परत येणे, हे सगळे काही न झाकता त्यांनी सांगितले. पडद्यावरच्या सखूला हात जोडणाऱ्यांना हादरा बसला असेल, तर तो देण्याचा अधिकार त्यांना होता. पन्नाशी गाठण्याआधीच त्या गेल्या. पुढे १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' केला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरे, सुनीताबाई देशपांड्यांचे १९९० सालचे 'आहे मनोहर तरी'. पु. ल. तेव्हा हयात होते आणि महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे स्थान घरच्या माणसाचे होते. अशा माणसाबरोबरचा संसार रोजच्या व्यवहारात कसा असतो, त्याचा भार कोणावर पडतो, हे सुनीताबाईंनी परखडपणे लिहिले आणि लिहिताना स्वतःलाही सोडले नाही. त्या वेळच्या चर्चा मला चांगल्या आठवतात. आमच्या बँकेच्या कँटीनमध्ये उभे तट पडले होते. 'बाईंनी हे लिहायला नको होतं' असे म्हणणाऱ्यांतले निम्मे पुस्तक मागून मागून वाचत होते. पुलंचे काही कमी झाले का? लोक आजही त्यांना वाचतात, हसतात. सुनीताबाईंचे मात्र वाढले. घराच्या आतला माणूसही माणूस असतो, त्यालाही बाजू असते, हे पुष्कळ घरांतून पहिल्यांदा बोलले गेले.

एवढे सांगून मी टाळ्यांची वाट पाहत असे. माझी कादंबरी या दोन पुस्तकांच्या रांगेत जाऊन बसली आहे, असे श्रोत्यांना वाटावे अशी ती मांडणी होती. मलाही तसेच वाटत होते.

*

२००५ च्या पावसाळ्यात एका दुपारी दार वाजले. नटवर्यांच्या पत्नी उभ्या होत्या. नाटकधंद्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत, मीही म्हणे. कापडी पिशवीतून त्यांनी माझी कादंबरी काढली. तिला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते. पाणी मागितले, प्याल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या शाखेत होता ना? ड्राफ्टवर तुमची सही असायची."

मी गप्प. ड्राफ्टवर सह्या माझ्या असत, हे मी विसरलो होतो.

"इतकी वर्षं मला वाटायचं, ही गोष्ट तिघांनाच ठाऊक आहे. आम्हाला, संस्थेला आणि बँकेला. संस्थेतल्या लोकांनी कधी सांगितलं नसतं. पुस्तक वाचलं आणि मग ड्राफ्टवरची सही आठवली."

मी म्हणालो, "वहिनी, ती कादंबरी आहे. त्यात बरंचसं काल्पनिक आहे."

"काल्पनिक आहे ना, मग आमचा मुलगा कशाला घेतलात?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आणि घेतलात तर घेतलात. त्याचा बाप त्याला एकदाही भेटायला जात नाही, हे कुठून काढलंत?"

माझ्याकडे उत्तर होते, पण ते देण्यासारखे नव्हते. पैसे ड्राफ्टने जात होते, त्यावरून मी ते काढले होते. स्वतः जाणारा माणूस पैसे हातात देईल, असा माझा हिशेब.

"प्रयोग नसेल त्या रात्री ते एसटीत बसायचे," त्या म्हणाल्या. "सकाळी पोचायचे, दिवसभर त्याच्याजवळ राहायचे, रात्रीच्या गाडीने परत. डोक्याला मफलर गुंडाळून, कोणी ओळखू नये म्हणून. पैसे वेळेवर जायला हवेत आणि दौऱ्यात तारखा चुकतात, म्हणून ड्राफ्ट. तुमच्या बँकेत एसटीच्या तिकिटाची नोंद कुठून असणार?"

थोड्या वेळाने मी विचारले, "पण मग लपवलंत का?"

"लपवला नाही. पहिली काही वर्षं घरीच होता. यांच्याबरोबर बाहेर जायचा. तुम्ही बघितलंयत, हे नुसते रस्त्याने चालले तरी लोक हसायचे. चूक नाही त्यांची, हे त्यांना हसवतच आले होते. पण पोराचा हात धरून चालले तरी लोक हसायचे. त्यांना वाटायचं, ही पण नक्कल आहे. एकदा मंडईत एकाने पोराच्या चालण्याला टाळ्या दिल्या. हे घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्याला तिकडे ठेवला. तिकडे यांची नाटकं कोणी बघितलेली नव्हती."

वहिनी उठल्या. पुस्तक टेबलावरच ठेवले. म्हणाल्या, "हे घरात नको."

दुसऱ्याच दिवशी मी प्रकाशकांना फोन केला आणि दुसरी आवृत्ती काढू नका म्हणून सांगितले. त्यांना ते आवडले नाही. मागणी असलेले पुस्तक मराठीत फार थोड्या वेळा हाती लागते. पण त्यांनी ऐकले. चेक दिल्यावर तो वटण्यापूर्वी 'पैसे देऊ नका' असे कळवता येते. वटल्यावर काही करता येत नाही. पहिली आवृत्ती आजही वाचनालयांतून फिरते. तिच्यातला बाप मुलाला भेटायला जात नाही आणि तो कोण हे जाणत्यांना ठाऊक आहे.

*

वीस वर्षे मी या गोष्टीचा विचार करतो आहे. सुरुवातीला वाटले की चूक तपशिलाची होती. तो नट मुलाला भेटायला जातो असे लिहिले असते तर भागले असते. मग कळले की तसे नाही. सगळे तंतोतंत खरे लिहिले असते, तरी ते माझे नव्हते. हंसा वाडकरांनी सांगितले ते त्यांच्या स्वतःच्या जिवावर बेतलेले होते. सुनीताबाईंनी लिहिले तो त्यांचा स्वतःचा संसार होता. त्यात दुसरा माणूस येणे अटळ होते, पण सांगणारीचा वाटा निम्मा होता आणि तिने त्याची किंमत उघडपणे मोजली. मी मोजली ती काय? मला परीक्षणे मिळाली, व्याख्याने मिळाली, रॉयल्टीचा चेक मिळाला. माझ्या बाजूला नुसती जमा होती. नावे पडले ते वहिनींच्या खात्यावर.

म्हणजे नामवंतांविषयी काहीच बोलू नये का? तसे मुळीच नाही. टूर्निएच्या चार अपवादांतला दुसरा, जनतेप्रती असलेले कर्तव्य, इथे लक्षात ठेवावा लागतो. २०१८ च्या ऑक्टोबरात सिनेमा आणि पत्रकारिता या क्षेत्रांतल्या अनेक स्त्रियांनी नामवंत पुरुषांविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा 'हे त्यांचं खाजगी आयुष्य आहे' असे म्हणणारे निघालेच. जिथे दुसऱ्यावर अन्याय होतो, ते अन्याय करणाऱ्याचे खाजगी आयुष्य उरत नाही. ते ज्याने सोसले त्याचेही असते आणि त्याला ते सांगण्याचा पुरेपूर हक्क आहे. लोकांपुढे नीतीचे पाठ देणारा आणि लोकांच्याच पैशावर चैन करणारा असेल, तर त्याचे पासबुक उघडलेच पाहिजे. नटवर्यांनी मात्र कोणाचेही काही घेतले नव्हते. आम्ही कौटुंबिक सुखाचा आदर्श आहोत, असेही त्यांनी कधी म्हटले नव्हते. 'हसरे चौकोनी कुटुंब' ही ओळ दिवाळी अंकाच्या संपादकांनी घातली होती.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. त्याच सुमारास हा हक्क वापरायची गरज कोणाला उरली आहे की नाही, अशी शंका यावी असे दिवस आले होते. आजचे वलयांकित लोक आपले स्वयंपाकघर, डोहाळजेवण, तान्ह्या बाळाची मूठ, रुग्णालयातले हातावरचे सलाईन हे सगळे स्वतःच मोबाइलवरून दाखवतात. विमानतळावर छायाचित्रकार थांबलेले असतात आणि पुष्कळदा ते थांबतील याची व्यवस्था आधीच झालेली असते. पाहणाऱ्याला वाटते, आता काही झाकलेले नाही. मला आपला जुना बँकवाला अनुभव सांगतो की जी सही दहा जणांच्या वहीत सापडते, ती नमुना सही नव्हे. घरातले म्हणून दाखवले जाते तेही प्रयोगातलेच असते. फक्त नेपथ्य घरचे असते. त्याच्याही मागे कुठेतरी एक रात्रीची एसटी असणार, मफलर गुंडाळलेला माणूस असणार. तो दिसला नाही म्हणजे तो नाही असे नव्हे. आणि दिसला नाही म्हणून त्याच्याविषयी वाईटच कल्पावे असेही नव्हे. मी तेच केले होते.

वहिनींची आणि माझी पुढे दोन-तीनदा भेट झाली. पहिल्यांदा त्या बोलल्या नाहीत. शेवटच्या भेटीत, त्यांचा तो मुलगा गेल्यानंतर, त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवायचं नाही. मग एकदा नीट लिहा. मी गेल्यावर. नाव घालू नका." त्यांना जाऊनही आता काही वर्षे झाली. खातेदाराची संमती हा चौथा अपवाद. ही संमती खातेदाराची नाही, नॉमिनीची आहे, हे मला कळते. आणि नॉमिनी हा मालक नसतो, विश्वस्त असतो, हेही मी कौंटरवर शेकडो लोकांना समजावून सांगितले आहे. म्हणून हा लेख लिहिताना हात पुन्हा एकदा थांबला होता. पण वाचनालयांतून फिरणाऱ्या त्या बापाला कुठेतरी उत्तर असायला हवे, एवढ्यासाठी लिहिला.

त्या दिवशी शाखेत नटवर्यांनी दिलेली सही माझ्याकडे आहे. पे-इन स्लिपच्या पाठीवरची, लांब शेपटीची. नमुना सहीचे ते कार्ड शाखेच्या जुन्या कागदपत्रांबरोबर केव्हाच गेले असेल. कोणी विचारते, यातली खरी सही कुठली? चेक परत करताना मलाही तसेच वाटले होते, की एक खरी आणि एक चुकीची. आता वाटते, दोन्ही त्यांच्याच होत्या. त्यातली एक त्यांनी आपल्याला दिली होती. दुसरी दिलेली नव्हती.